घरघरीतला गंधार

"गाडी बघायला चल" असा मामेभावाचा फोन आला तेव्हाच ओळखलं, की गाडी त्याने मनातल्या मनात घेऊन टाकली आहे. माझा फक्त शिक्का हवाय. वारज्यातल्या एका सोसायटीत बारा वर्षं जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी उभी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं लागतात. रंग झकास, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. बायपासला लागून साठच्या पुढे गेलो आणि पाठीमागून एक घूंऽऽ सुरू झाली. मालक शेजारीच बसले होते. "मड टायर आहेत ना, त्यांचा आवाज. सवय होते," म्हणाले आणि हात लांब करून त्यांनी गाणी मोठी केली.

मालक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. या बाबतीत भलेभले फसतात, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात आहे.

या गाडीच्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला आठ फेरे घेतं. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधोमध बसून इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा, वळताना त्यांना कमी-जास्त फिरू देणारा दातेरी चाकांचा संच. त्यातल्या क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, समजा ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. क्राऊन चाकाबरोबर फिरतो, म्हणजे सेकंदाला आठ गुणिले ४१, सव्वातीनशेच्या आसपास दात एकमेकांवर येतात. दर वेळी एक बारीकसा धक्का. सेकंदाला सव्वातीनशे धक्के बसले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सूर होतो. पांढरी एकचा षड्ज धरलात तर हा जवळजवळ शुद्ध गंधार. वेग ७२ वर न्या, तोच सूर पंचमावर चढतो. आता मड टायरकडे बघा. त्याच्या घेरावर रबराचे ठोकळे असतात चाळीसेक. तेही सेकंदाला आठ फेरे, तेही रस्त्यावर सव्वातीनशे वेळा आपटणार. खराब क्राऊन-पिनियन आणि धडधाकट मड टायर एकाच पट्टीत गातात! टायरवाले ठोकळे मुद्दाम लहान-मोठे ठेवतात, म्हणजे सूर एका जागी न साठता पसरतो. पण टायर झिजला की ही हुशारी बरीचशी वाया जाते.

जाता जाता एक गंमत. ४० आणि १० दात ठेवले असते तर ४:१ असं सुटसुटीत गुणोत्तर मिळालं असतं. तरी ४१ का? कारण ४० ला १० ने भाग जातो. पिनियनचा एक दात क्राऊनच्या ठरावीक चार दातांनाच जन्मभर भेटत राहिला असता, आणि एकाची खोट त्या चौघांनाच पोखरत बसली असती. ४१ आणि १० ला सामायिक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

मग टायर की डिफरन्शियल, हे ओळखायचं कसं? मामेभाऊ मागच्या सीटवर आडवा होऊन कान लावायला निघाला होता. त्याचा फारसा उपयोग नसतो. पोलादातून आवाज सेकंदाला पाच किलोमीटरच्या वेगाने जातो, हवेत जेमतेम ३४० मीटर. मागच्या हाऊसिंगमधली, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचातली थरथर पाटे, चासी, सीटचे बोल्ट अशी पसरते आणि जिथला पत्रा सैल असेल तिथून ऐकू येते. आवाज कुठून येतोय ते विचारू नका. तो कशाबरोबर बदलतोय ते बघा. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत हेच काम मायक्रोफोन आणि संगणक लावून होतं. आपल्याकडे कान, पाय आणि रिकामा रस्ता आहे. आणि गाणी बंद करायची, हे वेगळं सांगायला नको.

आधी सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, साठला क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला, घूं तशीच राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. आवाज चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी. (इंजिन बंद करून हा प्रयोग करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर मुळीच नको. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांनी तिथे काय केलंय ते पुणेकरांना माहीत आहे.)

मग डांबर सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. टायरचा आवाज असता तर पोत बदलल्यावर त्याचा बाज बदलला असता. इथे रस्त्याची सळसळ बदलली, गंधार जागच्या जागी.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते, ती पायाची. साठला ॲक्सिलरेटर दाबला की घूं मोठी. पाय हलका करून गाडी ना ओढतेय ना रेटतेय अशा बेताला आणली की जवळपास गायब. पाय पूर्ण काढला की पुन्हा हजर, पण जरा खरखरीत. टायरला तुमच्या पायाशी फार देणंघेणं नसतं. दाताला असतं. इंजिन ओढतं तेव्हा दाताच्या एका अंगावर भार येतो, गाडी इंजिनला ढकलते तेव्हा दुसऱ्या. त्यात पिनियनचं बेअरिंग सैल झालं असेल तर पिनियन भारानुसार केसभर पुढेमागे सरकतो, दात नको तिथे टेकतात आणि गाऊ लागतात. हा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांचा असतो.

बोगद्यात काच खाली करून गेलो. उघड्यावर विरून जाणारा आवाज तिथल्या भिंती परत आणून देतात. मालकांनीही तो ऐकला आणि गप्प बसले.

हाऊसिंग दोन, पुढचं की मागचं? या गाडीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब होते, चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे. ते मोकळे केले की टू व्हीलमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, पुढचे ॲक्सल आणि त्यांच्यापर्यंत जोर नेणारा पुढचा शाफ्ट उभेच राहतात, फिरत नाहीत. दोन मिनिटांचं काम. हब मोकळे, घूं तेवढीच. म्हणजे मागचं.

चाकाचं बेअरिंग मी आधीच बाजूला ठेवलं होतं, कारण लांब वळणावर आवाज हलला नाही. उजव्या वळणावर गाडीचं ओझं डावीकडे झुकतं. डावं बेअरिंग गेलेलं असेल तर तिथे ते ओरडतं. पूर्ण स्टिअरिंग कापून हळू फिरताना पुढून कटकट आली तर पुढच्या ॲक्सलचा जॉइंट बघायचा. फोर लोमधली (चारही चाकांना जोर, पण वेग अगदी कमी) घरघर मात्र बहुतेक वेळा उपजतच असते, तिला घाबरू नये.

सोसायटीत परतल्यावर मालकांनी गाडी फोर हायला (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला) टाकून पार्किंगमध्ये गोल फिरवून दाखवली. गाडी अडत, हिसके देत फिरली. "बघा, चारही चाकं कशी ओढतायत!" अहो, ओढत नाहीयेत, भांडतायत. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात. मागच्या ॲक्सलचं वर्तुळ सहा मीटर त्रिज्येचं आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.४ मीटर असेल, तर पुढच्याची त्रिज्या साडेसहाच्या जवळ जाते. नुसत्या काटकोनी वळणात सत्तर सेंटिमीटरचा फरक. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे आणखी एक डिफरन्शियल नसलेल्या अशा गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाक घसरून फरक फिटतो, कोरड्या फरशीवर तो शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो. नवी कोरी गाडीही असेच हिसके देईल. उगाच असं फिरवून दाखवणाऱ्याची गाडी जरा जास्तच तपासावी.

मग हाऊसिंगचा तेलाचा बोल्ट मालकांच्या परवानगीने सैल केला. बोटावर तेल आलं ते कटिंग चहाच्या रंगाचं, दुधाळ. पाणी! मालक उत्साहाने म्हणाले, मुळशीकडे दर पावसाळ्यात जायचो, ओढ्यातून गाडी काय मस्त जाते. जाते खरी. पण तासभर पळून आलेल्या हाऊसिंगमधलं तेल आणि हवा ऐंशी अंशांपर्यंत तापलेली असू शकते. ते पंचवीस अंशांच्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. बंद भांड्यात एवढ्या फरकाने दाब सहावा हिस्सा उतरेल, म्हणजे दीड मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. हवा आत-बाहेर व्हावी म्हणून वर एक बारीक नळी असते. ती तुटून तोंड खाली लोंबत असेल तर नळीतून, चिखलाने बुजली असेल तर ऑइल सीलच्या कडेने, हाऊसिंग ओढ्याचं पाणी आत ओढून घेतं. खाली वाकून पाहिलं, नळी होती, तोंडात वाळलेला चिखल घट्ट बसलेला.

हे सगळं सांगितल्यावर किंमत उतरली, आणि मामेभावाने गाडी घेतली. घेणारच होता.

नाना पेठेतून बेअरिंग, सील आणि नळी आणली. मिस्त्रींनी पिनियनच्या बेअरिंगची बाहेरची कडी काढून उजेडाकडे धरली. आरशासारख्या पट्ट्यावर ओळीने गंजाचे खड्डे, बाजरीच्या दाण्याएवढे. त्यांनी त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ऐका." नखाचा आवाज आला, किर्र.

आठवड्याने पुन्हा त्याच बोगद्यातून गेलो. गंधार गेला होता. मामेभाऊ खूश होऊन माझ्याकडे बघत असतानाच त्याने पाय काढला आणि खालून आलं, टक्. पुन्हा दाबला, टक्. मधल्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, ढिला होता, बहुधा आधीपासूनच. मोठ्या आवाजाखाली छोटा दबून जातो, इतके दिवस घूंने त्याला झाकलं होतं.

"हा तरी टायरचा असेल ना?" त्याने विचारलं.