एलएम००२ : हुकलेल्या लष्करी कंत्राटातून उभी राहिलेली व्ही-१२

लॅम्बोर्गिनी एलएम००२ ही डोंगर-वाळूत चालणारी गाडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी इंजिनाची चौकशी करतो. चौकशी करायला हवी ती या गाडीच्या जन्माची. २९० लिटरची पेट्रोल टाकी, नेहमीच्या मापात न बसणारे टायर, चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यामध्ये भिंत घालणारा बोगदा, बॉनेटखाली कोंडणारी उष्णता, यांतलं काहीही हौसेखातर केलेलं नाही. १९७७ ते १९८६ या काळात घेतलेल्या एकेका निर्णयाचा तो परिणाम आहे. आज मालकाला ज्या दुरुस्त्यांना तोंड द्यावं लागतं, त्यांतल्या बऱ्याच तिथूनच सुरू होतात.

आधी एक गैरसमज. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९४८मध्ये ट्रॅक्टर बनवायला घेतले, म्हणून ही गाडी त्यांच्या शेतीच्या वारशातून आली असं सर्रास सांगितलं जातं. पण १९७४पर्यंत फेरुच्चो यांनी मोटार कंपनीतला आपला सगळा हिस्सा विकला होता. डोंगर-वाळूत चालणारी पहिली गाडी त्यानंतर तीन वर्षांनी आली. ती आणली नव्या मालकांच्या हाताखालच्या, पैशांची चणचण असलेल्या कंपनीने. तेलसंकटाने महागड्या मोटारींची मागणी आटली होती आणि इटलीतल्या सांतागाता बोलोन्येसेच्या कारखान्याला काम हवं होतं.

ते काम अमेरिकेच्या सैन्याकडून मिळेल असा हिशेब होता. मोबिलिटी टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीच्या साथीने ‘चीता’ तयार झाली आणि १९७७च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडली गेली. उघडं अंग, मागच्या बाजूला क्रायस्लरचं ५.९ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याला ३ गतींचा स्वयंचलित गियरबॉक्स. अमेरिकेच्याच एफएमसी कंपनीने काही वर्षं आधी बनवलेल्या एक्सआर३११ या लष्करी वाहनाशी तिचं साम्य इतकं होतं, की एफएमसीने कायदेशीर हरकत घेतली. सैन्याने चीता घेतली नाही. पुढे १९८३मध्ये हे मोठं कंत्राट एएम जनरलच्या हमवीला मिळालं.

याच सुमारास बीएमडब्ल्यूने एम१ ही मोटार बनवण्याचं काम सांतागाताकडे सोपवलं होतं. वेळापत्रक सांभाळणं कारखान्याला जमेना, १९७८मध्ये बीएमडब्ल्यूने काम काढून घेतलं आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. एका लहान कारखान्याने दोन परक्या कामांवर सगळी भिस्त ठेवली आणि दोन्ही हातची गेली. चीताची आखणी सदोष होतीच, पण तो दोष दुरुस्त करायला लागणारी उसंत आणि पैसा दोन्ही तेव्हा नव्हते.

१९८०मध्ये कारखान्याचा कारभार मिम्रान बंधूंकडे आला. तांत्रिक सूत्रं जुलिओ आल्फिएरी यांनी घेतली. मासेरातीत उमेदीची वर्षं घालवलेला हा अभियंता इंजिनाइतकाच चॅसिसचाही जाणकार होता. १९८१च्या जिनिव्हा प्रदर्शनात एलएम००१ आली. हिच्यातही इंजिन मागेच होतं, फक्त ते एएमसीचं ५.९ लिटरचं व्ही-८ होतं. चाचण्यांत चीताचं जुनं दुखणं पुन्हा वर आलं.

ते दुखणं समजून घेण्यासारखं आहे. वेग वाढवताना किंवा चढ चढताना वजन मागच्या चाकांकडे सरकतं. जड इंजिनही मागेच असेल तर पुढची चाकं इतकी हलकी होतात की ती जमीन नीट धरत नाहीत. मग पुढच्या चाकांना दिलेली ताकद वाया जाते आणि सुकाणू फिरवलं तरी गाडी सरळ रेटत राहते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला मागचं इंजिन मानवतं, कारण तिथे ताकद बहुधा मागच्या दोनच चाकांना जाते. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला ते मारक ठरतं. सस्पेन्शनच्या स्प्रिंग बदलून हा दोष जाणारा नव्हता. इंजिनाची जागाच बदलावी लागणार होती.

आल्फिएरींनी तेच केलं. १९८२मध्ये आलेल्या एलएमए००२साठी पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा आखला गेला, इंजिन पुढे आलं आणि ते बाहेरून आणलेलं व्ही-८ न राहता काउंटाश या लॅम्बोर्गिनीच्याच स्पोर्ट्स कारचं ४,७५४ सीसीचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) झालं. इतर प्रयोगही झाले. एलएम००३मध्ये व्हीएम या इटालियन कंपनीचं डिझेल इंजिन बसवलं गेलं, पण ते या वजनाला तोकडं पडलं. एलएम००४मध्ये बोटींसाठी बनवलेलं ७ लिटरचं व्ही-१२ होतं. शेवटी काउंटाश क्वात्रोव्हाल्व्होलेचं ५,१६७ सीसीचं, ४८ व्हॉल्व्हचं इंजिन पक्कं झालं आणि जानेवारी १९८६मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात एलएम००२ विक्रीसाठी उभी राहिली. ताकद सुमारे ४५० अश्वशक्ती, ५ गतींचा झेडएफ गियरबॉक्स, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी दोन पल्ल्यांची ट्रान्स्फर केस, वजन २,७०० किलो, वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. लष्करी आखणीचा सांगाडा तसाच राहिला. आत चामडं, लाकूड आणि वातानुकूलन आलं. मागच्या उघड्या हौद्यातल्या बसायच्या जागा मात्र सैनिक वाहून नेण्याची मूळ कल्पना अजून दाखवतात.

इंजिन पुढे आल्यावर त्याच्यामागचा गियरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस केबिनच्या मधोमध आली. म्हणून तो रुंद बोगदा. गाडी २ मीटर रुंद असूनही आत चारच जण बसतात, प्रत्येक जण आपापल्या खोबणीत. लांब पल्ल्याला हा बोगदा तापतो. जुन्या गाडीत त्याखालचं उष्णतारोधक अस्तर फाटलेलं किंवा तेलाने भिजलेलं असेल तर आधी गळती शोधावी, अस्तर नंतर बदलावं.

टायरचा इतिहास स्वतंत्र आहे. पावणेतीन टनांची गाडी ताशी २०० किलोमीटरने पळवणारा आणि तरीही वाळूत न रुतणारा टायर तेव्हा बाजारात नव्हता. पिरेलीने या गाडीसाठी खास ‘स्कॉर्पियन’ बनवला, ३४५/६० आणि ३२५/६५ अशा मापांत, १७ इंची रिमसाठी. नक्षी दोन तऱ्हांची होती, एक मिश्र वापरासाठी आणि एक निव्वळ वाळूसाठी. हवा जवळजवळ नसतानाही तो चालू शकेल अशी त्याची बांधणी होती. वाळूत हवा कमी करण्याचा फायदा साधा आहे. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, दर चौरस सेंटिमीटरवरचा भार घटतो आणि चाक खाली जाण्याऐवजी वर तरंगतं. पण त्याच कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेग घेतला तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, आतून तापते आणि थर सुटतात. वाळू संपली की आधी पंप, मग चौथा गियर.

मालकाला मोठा धोका आहे तो टायरच्या वयाचा. या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र दगडासारखं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या ठशाच्या शेवटी आकडे असतात. २०००नंतरच्या टायरवर ते चार असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर विसाव्या शतकातला आहे आणि तो प्रदर्शनापुरताच ठेवावा. दहा वर्षांपुढच्या टायरवर या वजनाची गाडी वेगात नेऊ नये. दुसऱ्या मापाचे टायर बसवण्यासाठी वेगळे रिम लावणारेही आहेत. तसं केलं तर मूळ रिम जपून ठेवावेत आणि नव्या टायरचा भार-निर्देशांक गाडीच्या वजनाला पुरतो का, हे आधी तपासावं.

२९० लिटरची टाकी वाळवंटासाठी होती. हे इंजिन १०० किलोमीटरला ३० लिटरच्या आसपास पेट्रोल पितं आणि मऊ वाळूत त्याहून बरंच जास्त, त्यामुळे छोट्या टाकीने काहीच साधलं नसतं. आज त्रास उलट आहे. एवढं पेट्रोल महिनोन्महिने संपत नाही. ते शिळं होतं, त्याचा चीक कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर जुन्या रबरी नळ्या आतून सुटू लागतात. गाडी वर्षातून थोडीच फिरणार असेल तर टाकीत ५०-६० लिटरच ठेवावं. दीर्घ मुक्कामाला मात्र अर्धवट भरलेली टाकी बाष्प धरते आणि गंजते, तेव्हा ती एकतर पूर्ण रिकामी करून सुकवावी किंवा इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरून ठेवावी.

कार्बोरेटर सहा आहेत, वेबर ४४ डीसीएनएफ, प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे बारा सिलिंडरना बारा. बॉनेटवरचा तो मोठा उंचवटा त्यांच्यासाठी आणि वाळवंटी धुळीच्या एअर फिल्टरसाठी आहे. इंजिन अडखळलं की लोक लगेच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू लागतात आणि बिघाड वाढवून ठेवतात. क्रम ठरलेला आहे: आधी व्हॉल्व्हच्या फटी, मग इग्निशन, मग कार्बोरेटर. इंजिन पूर्ण तापवावं. सहाही कार्बोरेटरना जोडणारे दांडे सुटे करावेत. हवामापक प्रत्येक घशावर धरून सगळीकडे सारखी हवा जाईपर्यंत थ्रॉटलचे थांबे जुळवावेत. एका कार्बोरेटरची दोन्ही झाकणं एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे दोन घशांतला उरलेला फरक हवेच्या बगल-स्क्रूनेच काढावा लागतो. दांडे परत जोडताना एकही ताणलेला नसावा, नाहीतर केलेली सगळी जुळणी मोडते. त्यानंतर आयडल मिश्रण, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालवणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण. स्क्रू आत घेत जावा, आवर्तनं पडू लागली की थांबावं, मग बाहेर सोडत जावा, पुन्हा पडू लागली की थांबावं आणि मधली जागा धरावी. एखाद्या सिलिंडरवर स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर त्याचा आयडल जेट तुंबलेला आहे.

काउंटाशमध्ये हे इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं. इथे ते पुढच्या बंदिस्त खणात आलं. वाळूतल्या संथ चालीत वारा कमी आणि इंजिनाचा फेरा जास्त, त्यामुळे उष्णता साचते. गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. अशा वेळी ॲक्सिलरेटरचं पॅडल वारंवार दाबू नये. ते पूर्ण खाली धरून स्टार्टर फिरवावा आणि इंजिनाने पकड घेतली की सोडावं. गार इंजिनाचं उलट आहे. पंपाची टकटक मंद होईपर्यंत थांबावं, पॅडल दोन-तीनदा दाबावं, मग चावी फिरवावी.

याच बंदिस्त खणामुळे आगीचा धोकाही खरा आहे. सहा कार्बोरेटर म्हणजे इंधननळ्यांचे कितीतरी जोड, आणि एक्झॉस्ट अगदी जवळ. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपणारं तेलही एक्झॉस्टवरच पडतं. इंधननळ्या दर पाच वर्षांनी बदलाव्यात, दिसायला चांगल्या असल्या तरी. पेट्रोलचा जरा जरी वास आला तर गाडी तिथेच थांबवावी. हाताशी अग्निशामक नळकांडं नसताना ही गाडी सुरूही करू नये.

ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम. वेग आणि वजन पाहता हा या गाडीचा सर्वात कच्चा दुवा आहे. उतारावर ब्रेकवर टेकून न राहता गियर खाली आणून इंजिनानेच वेग रोखावा. वाळूतून आल्यावर ड्रममध्ये कण अडकतात आणि ब्रेक-शू व ड्रम दोघांवर चरे पाडतात, म्हणून ड्रम उघडून ओल्या ब्रेक-क्लीनरने धुवावेत. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

क्लचचं दुखणं इंजिनाच्या स्वभावातून येतं. टॉर्क सर्वाधिक मिळतो तो मिनिटाला ४,५०० फेऱ्यांजवळ, आणि हलवायचं असतं पावणेतीन टन. वरच्या पल्ल्यात, अर्धा क्लच धरून वाळूतून गाडी काढणारे एका दुपारीत क्लच प्लेट जाळतात. जमीन मऊ होण्याआधीच ट्रान्स्फर केस खालच्या पल्ल्यात घ्यावी. कोरड्या डांबरावर पुढची आणि मागची चाकं एकत्र जोडून (लॉक करून) वळू नये. पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरातला फरक सुटायला जागा मिळत नाही आणि तो ताण गियर व शाफ्टवर येतो.

१९८७मध्ये मिम्रान यांनी कंपनी क्रायस्लरला विकली. १९८८च्या डकार शर्यतीसाठी सुमारे ६०० अश्वशक्तीची, हलकी केलेली, सुरक्षा-पिंजरा बसवलेली एलएम तयार झाली होती. पैसे संपले आणि ती डकारला गेली नाही. रॅलीचालक सान्द्रो मुनारी यांनी ती इजिप्तच्या फेरो रॅलीत चालवली. अमेरिकी बाजारासाठीच्या शेवटच्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन-इंजेक्शन आलं. सकाळी सुरू व्हायला आणि उंच घाटांत चालायला त्या जास्त समंजस आहेत. वेबरचा आवाज हवा असणारे तरीही जुन्याच मागतात, आणि तेही योग्यच आहे. १९९३पर्यंत उत्पादन थांबलं. तोवर साधारण तीनशे गाड्या बनल्या होत्या.

उरूस या लॅम्बोर्गिनीच्या पुढच्या अशा गाडीपर्यंत मग पंचवीस वर्षांची पोकळी. या पोकळीचा फटका सुट्या भागांना बसला. इंजिनाचे बरेच भाग काउंटाशशी जुळतात, म्हणून ते मिळतात. २०१५मध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या पोलो स्तोरिको विभागाकडून जुन्या गाड्यांची कागदपत्रं आणि काही भागही मिळतात. पण ट्रान्स्फर केसचे अंतर्भाग, काचा, दाराच्या पट्ट्या, आतलं लाकूडकाम दुसऱ्या कुठल्याच गाडीतून येत नाही. म्हणून खरेदीआधी गाडी लिफ्टवर घ्यावी. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेलं आहे तिथले वेल्ड दिव्याखाली पाहावेत, ॲल्युमिनियमचे पत्रे पोलादाला टेकतात त्या जागी पांढरी बुरशीसारखी पूड आहे का ते पाहावं, नळ्यांवर हलकी हातोडी वाजवून आत गंज किंवा वाळू आहे का ते ऐकावं. मग खालचा पल्ला जोडून आणि काढून पाहावा, दोन्ही वेळा, गाडी गरम असताना. इंजिनाची परीक्षा शेवटी घेतली तरी चालेल.