लैंगिक कल बदलण्याचा दावा आणि स्पिट्झर यांचा अभ्यास

उपचारांनी समलैंगिक व्यक्तीचा कल बदलता येतो असे मानणाऱ्यांनी अनेक वर्षे ज्या अभ्यासाचा हवाला दिला, तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांचा होता. त्याला वजन आले ते मुख्यतः कर्त्याच्या नावामुळे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली, त्या निर्णयात याच स्पिट्झर यांचा मोठा वाटा होता.

त्यापूर्वी समलैंगिक व्यक्तींना विजेचे धक्के देणे, उलटी आणणारी औषधे देणे असे क्रूर प्रकार उपचारांच्या नावाखाली सर्रास चालत. १९६२ मध्ये आयर्विंग बीबर आणि सहकाऱ्यांनी १०६ समलैंगिक पुरुषांपैकी २७ टक्के भिन्नलैंगिक झाल्याचे जाहीर केले. पण ही माहिती त्यांच्यावर उपचार करणाऱ्या मनोविश्लेषकांनीच पुरवलेली होती. उपचार करणाराच स्वतःच्या यशाचा साक्षीदार, ही उणीव पुढेही सुटली नाही. याउलट मानसशास्त्रज्ञ इव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्येच, उपचार घेत नसलेल्या ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या चाचण्या नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या, आणि तज्ज्ञांना त्यांतून कोण समलैंगिक आहे हे ओळखता आले नव्हते.

स्पिट्झर यांनी २००१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले आणि २००३ मध्ये ते ‘आर्काइव्हज ऑफ सेक्शुअल बिहेविअर’ या नियतकालिकात छापून आले. आपला कल बदलला असून तो बदल किमान पाच वर्षे टिकला आहे असे सांगणाऱ्या २०० जणांना, म्हणजे १४३ पुरुष आणि ५७ स्त्रियांना, त्यांनी दूरध्वनीवरून प्रश्न विचारले. ज्यांना बदल जाणवला नाही अथवा ज्यांना या उपचारांनी इजा झाली, त्यांना या अभ्यासात जागाच नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि उपचारांपूर्वीची स्थिती वर्षांनंतरच्या आठवणीवर अवलंबून होती. शिवाय बहुतेक जण असे उपचार चालवणाऱ्या धार्मिक गटांकडून किंवा त्यांचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेमार्फत आले होते आणि ७८ टक्क्यांनी या प्रयत्नांच्या बाजूने जाहीर भाषणे केली होती. ज्यांची प्रतिष्ठा, धर्मश्रद्धा आणि कित्येकदा उपजीविकाही बदल झाल्याच्या दाव्याशी बांधलेली होती, त्यांच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. शारीरिक प्रतिसाद मोजण्याचा प्रयत्नही झाला नाही. हे आक्षेप लेखासोबतच छापलेल्या अनेक प्रतिक्रियांत स्पष्टपणे नोंदवले गेले, तरी वृत्तपत्रांतून आणि प्रचारातून लोकांपर्यंत पोहोचला तो केवळ काहींचा कल बदलू शकतो हा निष्कर्ष.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने १९६० ते २००७ या काळातील अभ्यास तपासून २००९ मध्ये अहवाल दिला. असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी असून त्यांत हानीचा धोका आहे, असे त्यात म्हटले होते. २०१२ मध्ये ऐंशीच्या घरातील स्पिट्झर यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून कबूल केले, की बदल झाल्याचे सांगणाऱ्यांचे म्हणणे विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवण्याचा कोणताही मार्ग त्यांच्या पद्धतीत नव्हता. आणि त्यांनी समलैंगिक समाजाची माफी मागितली. माझ्या मते हे पत्र मूळ लेखाइतकेच वाचले जायला हवे होते. पुढच्याच वर्षी, १९७६ पासून काम करणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही या क्षेत्रातील प्रमुख ख्रिस्ती संघटना बंद झाली आणि तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनीही माफी मागितली.

भारतात मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. त्यामुळे मुंबई किंवा नागपूरमधील डॉक्टरवरही परिषद कारवाई करू शकते. नोंदणी नसलेले समुपदेशक, बाबा आणि मांत्रिक मात्र या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, आणि घाबरलेले आईवडील मुलाला कित्येकदा त्यांच्याकडेच घेऊन जातात.