स्टिरिओ कंपनीचाच, खर्ज मात्र भरदार

दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच तक्रार सांगतं: "गाणं ऐकू येतं हो, पण भरत नाही." मग आम्ही गाडीत बसतो आणि त्यांच्याच मोबाइलवरचं, तबल्याची साथ असलेलं एखादं भजन लावतो. चाटेवरचा 'ना' टणटणीत वाजतो. डग्गा मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा. गाडी हायवेला लागली की तोही टायरच्या घरघरीत बुडतो.

यात स्टिरिओचा फारसा दोष नाही. खालचे सूर काढायला भरपूर हवा हलवावी लागते, आणि दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ते झेपत नाही. शिवाय दार म्हणजे भोकाभोकांचा पत्र्याचा डबा. त्यात स्टिरिओच्या आतला छोटा ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. माहितीत '५० वॅट × ४' लिहिलेलं असलं तरी गाडीच्या १४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ मिळतात ते १८-२० वॅट. उरलेला आकडा क्षणभराचा.

स्टिरिओ बदलायचा का? शक्यतो नको. हल्लीच्या गाड्यांत त्याच स्क्रीनवर रिव्हर्स कॅमेरा, एसी, गाडीची सेटिंग्ज असतात, स्टिअरिंगवरची बटणंही त्यालाच जोडलेली. तो काढला की चार नवी दुखणी मागे लागतात. तो जागेवर ठेवायचा आणि ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जाचं काम वेगळ्या सबवूफरला (फक्त खर्ज काढणारा मोठा स्पीकर, थोडक्यात 'सब') आणि वेगळ्या ॲम्पला द्यायचं, हा आमचा नेहमीचा सल्ला.

आवाज उचलायचा कुठून

कंपनीच्या स्टिरिओला मागे ॲम्पसाठीचे आरसीए सॉकेट बहुधा नसतात. म्हणून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीतूनच सिग्नल घेतो. बऱ्याच ॲम्पना स्पीकरचा जोरदार सिग्नल थेट घेणारा 'हाय लेव्हल' इनपुट असतो, नसेल तर तो सिग्नल हलका करणारा हाय-लो कन्व्हर्टर मधे बसवतो. या स्पीकरच्या वायरींवर स्टिरिओ चालू असताना साधारण ६ व्होल्टचा डीसी उभा असतो. चांगला ॲम्प तो ओळखून आपोआप चालू होतो, वेगळी रिमोट वायर लागत नाही.

वायर आम्ही कापत नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर (जोडणीचा प्लग) मिळतो, तो मधे बसतो आणि उद्या गाडी विकताना तसाच निघतो. तरीही वॉरंटीतल्या गाडीबद्दल आधी शोरूमला विचारून या. त्यांच्या वतीने आम्ही शब्द देऊ शकत नाही.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना पटत नाही, म्हणून आम्ही ती दाखवूनच देतो. काही स्टिरिओ आवाज वाढवला की दारातले स्पीकर फाटू नयेत म्हणून बेस गुपचूप कमी करतात. म्हणजे सब लावला, १० वर मस्त वाजला आणि २५ वर गायब! अशा गाडीत कितीही महागडा सब लावा, उपयोग नाही. मधे सिग्नल दुरुस्त करणारा डीएसपी लागतो. म्हणून काम घेण्याआधी तुमच्यासमोर मीटर लावून मोजतो. ज्या गाडीत कंपनीनेच वेगळा ॲम्प दिलाय, तिथे तर मोजल्याशिवाय अंदाजही सांगत नाही.

सीटखाली की डिकीत

आपल्याकडे निम्मा प्रश्न सीएनजी सोडवून टाकते. डिकीत टाकी असली की बारा इंची बॉक्सला जागाच उरत नाही. अशा गाड्यांना सीटखालचा सब लावतो: आठ-दहा इंची, चपटा, ॲम्प त्याच्याच पोटात. पाठीला धक्के बसत नाहीत, पण डग्गा डग्ग्यासारखा ऐकू येतो, आणि घरच्या गाडीला तेवढं पुरतं. टाकीवर किंवा टाकीला टेकवून ॲम्प बसवा, असा आग्रह कुणी धरला तर आम्ही काम सोडतो. गॅसच्या पाइपाजवळ ड्रिलही चालवत नाही.

डिकी मोकळी असेल तर बंद बॉक्स की पोर्टवाला, एवढंच ठरवायचं राहतं. बंद बॉक्स लहान असतो आणि थाप पडली की लगेच थांबतो. तबला, पखवाज, भावगीतं ऐकणाऱ्यांना तोच सांगतो. पोर्टवाला तेवढ्याच वॅटमध्ये जास्त घुमतो, जागाही जास्त खातो. डीजेची गाणी ऐकणाऱ्या पोरांना तो आवडतो. त्यांची निवड त्यांना लखलाभ.

खोक्यावरचे वॅट

'१२०० वॅट' छापलेलं असतं ते पीक, म्हणजे क्षणभराचा आकडा. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, आणि तो सहसा बारीक अक्षरात असतो. घरच्या गाडीला २०० ते ३०० आरएमएस भरपूर. ३०० चे ५०० केले तर फरक जेमतेम सव्वादोन डेसिबलचा, कानाला कळेल न कळेल एवढा. तेच पैसे वायरीत आणि दारांच्या डॅम्पिंग शीटमध्ये (पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट शीट) घाला.

वायर, आणि मुख्य म्हणजे फ्यूज

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. काम दुसरीकडे झालेलं, तक्रार एवढीच की ॲम्प अधूनमधून बंद पडतो. बॉनेट उघडलं. बॅटरीवरून लाल वायर निघून थेट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) भोकात शिरलेली, भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण सोललेलं, आतलं तांबं चमकत होतं. फ्यूज होता, पण कुठे? डिकीत, ॲम्पच्या शेजारी. ती वायर फायरवॉलला टेकली असती तर बॅटरीने शेकडो अँपिअर तिथेच ओतले असते आणि डिकीतल्या फ्यूजला पत्ताही लागला नसता.

फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. ३०० आरएमएसचा क्लास-डी ॲम्प पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला शुद्ध तांब्याची ८ गेज वायर (गेजचा आकडा लहान, तेवढी वायर जाड) आणि ४० अँपिअरचा फ्यूज. ५०० ला ४ गेज आणि ६० चा. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. आमच्याकडून घ्या वा दुसरीकडून, एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर तीच गेज पुरणार नाही, आणखी जाड लागेल.

काळी वायर म्हणजे अर्थ. तो जवळच्या पत्र्यावर, रंग घासून, दीड फुटात. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी कधीही उघडायचा नाही. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने नेतो. एकत्र नेल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येऊ शकते. अर्थ कच्चा असला तरी हाच त्रास होतो.

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाड्यांत अर्थ थेट त्या टर्मिनलवर घेत नाही, बॉडीवर घेतो. नाहीतर बॅटरी किती भरली याचा गाडीचा हिशेब चुकतो. इलेक्ट्रिक गाडीत फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जोडणी. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलला हात नाही.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

ॲम्पवरचा गेन पूर्ण फिरवला की जास्त वॅट मिळतात, असा समज पक्का आहे. गेन फक्त स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालतो. जास्त फिरवला तर लाटांचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, सबची कॉइल तापते आणि एक दिवस जळका वास येतो. जळालेल्या कॉइलची वॉरंटी आमच्याकडे नाही, म्हणून हे नीट वाचा.

आम्ही गेन कानाने लावत नाही. सबची वायर काढतो, स्टिरिओचे बेस-ट्रेबल मधोमध ठेवतो, व्हॉल्यूम तीन चतुर्थांशवर, आणि ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवतो. मग ॲम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर. ३०० वॅट, ४ ओहम असेल तर दोहोंचा गुणाकार १२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६. मीटरवर तेवढे व्होल्ट आले की हात थांबवायचा. मग नॉबवर पांढऱ्या रंगाची खूण करतो. पुढच्या सर्व्हिसिंगला ती खूण सरकलेली दिसली की घरातलं कोण हौशी आहे ते कळतं.

लो-पास (फक्त खालचे सूर पुढे सोडणारी चाळणी) ८० हर्ट्झवर. फेजचं बटण (सबचा आवाज दारातल्या स्पीकरशी जुळवणारं) शून्य आणि १८० दोन्हीवर ऐकून पाहायचं, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. जिथे डग्गा समोरून आल्यासारखा वाटतो ते बरोबर.

राहिलेलं थोडक्यात

पहिल्याच दिवशी नंबर प्लेट थरथरते. तिच्यामागे फोमची पट्टी लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वाजवू नका, सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. विमा कंपनीला नव्या सिस्टिमची किंमत बिलासह कळवा. त्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो, पण न कळवलेल्या वस्तूचा क्लेम अडू शकतो. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्ज काचा लावल्या तरी भिंतीतून शेजाऱ्यांच्या घरात जातो, तेव्हा सोसायटीत शिरताना सब बंद करत चला.

सीटखालच्या सबला अर्धा दिवस, डिकीतल्या कामाला पूर्ण दिवस धरा. डिकी रिकामी करून आणा, दोन्ही चाव्या आणा, आणि तुमची नेहमीची चार गाणी मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा. दुकानाच्या तळमजल्यावर रेंज येत नाही.