आईविना वाढलेली पिल्ले खळ्यात सोडताना

खुडूक कोंबडी पिल्ले घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरली की बाकीच्या कोंबड्या आपणहून बाजूला होतात. पिसे फुलवून, पंख अर्धे पसरून ती चालू लागली की आमचा गावठी कोंबडासुद्धा दोन पावले मागे सरतो. पिल्ले तिच्या पायांशी दाणे टिपतात आणि सहा-आठ आठवड्यांत कळपाला त्यांची सवय होऊन जाते.

अडचण येते ती यंत्रात उबवलेल्या पिल्लांची. हल्ली कोकणात वनराज, गिरिराज, कडकनाथ या जातींची पिल्ले खोक्यातून घरी येतात, बल्बच्या उबेवर वाढतात आणि जरा पिसे फुटली की आपण ती जुन्या कोंबड्यांत सोडून देतो. मीही तेच केले होते. पाच आठवड्यांची आठ पिल्ले सकाळी सोडली. दुपारी दोघांच्या डोक्यावरची कातडी सोललेली होती आणि एक माडाच्या आळ्यात डोके खुपसून बसले होते. ते संध्याकाळपर्यंत टिकले नाही. त्या दिवशी मी मोठ्या कोंबड्यांना दोष दिला, पण चूक माझी होती.

कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि कोण कुणाला टोचणार याची ही उतरंड १९२२ मध्ये शास्त्रीय लेखात मांडली. एकदा पायऱ्या ठरल्या की रोजची मारामारी थांबते, नुसती मान उंचावली तरी काम भागते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुरा पाहून ओळखतात. त्यामुळे अनोळखी डोके मधे आले की सगळी मांडणी विस्कटते आणि ती पुन्हा चोचीनेच बसवावी लागते. मोठ्या पक्ष्याला हे सोसते. पाच आठवड्यांच्या पिल्लाला पळायला जागा नसेल तर ते जिवानिशी जाते.

म्हणून आईचे काम आपण करायचे. आधी खळ्याच्या एका कोपऱ्यात जाळी लावून पिल्ले आत ठेवावीत. एकमेकांना दिसावीत, आवाज ऐकू यावा, पण चोच पोचू नये. असे दोन आठवडे जाऊ द्यावेत. पिल्ले दहा-बारा आठवड्यांची, अंगाने मोठ्यांच्या जवळपास आली की मग सोडावीत, तीही एकेकटी कधीच नाही, तीन-चार मिळून. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे एकच दांडगी कोंबडी सगळे अडवून धरणार नाही. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एक फळी तिरकी टेकवून ठेवली तर तिच्याखाली पिल्लू शिरते, मोठी कोंबडी शिरत नाही. एवढ्याशा आडोशाने किती जीव वाचतात ते मी पाहिले आहे. रक्त दिसले मात्र की त्या पिल्लाला लगेच वेगळे करून जखमेवर हळद लावावी, कारण लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात.

खाण्याचीही एक गोष्ट. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम घातलेले असते, ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते. दोघे एकत्र चरत असतील तर सगळ्यांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवावा. लागेल ती कोंबडी तो खाते.

मिरग लागल्यावर पिल्ले सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. आपल्याकडच्या पावसात त्यांना आणखी काय हवे? जुन्या कोंबड्यांना ते थोडे थोडे पोटात जाऊन पचलेले असतात, पिल्लांना नसतात. खाली भाताचे तूस कोरडे ठेवणे आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर टोचून घेणे, यांत हयगय करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जुना कळप पिल्लांची राखण करतो म्हणून. वर घार दिसली की कोंबडा बारीक, लांबट आवाज काढतो आणि सगळ्या झुडपाखाली दबतात. मुंगूस किंवा कुत्रा दिसला की त्याचा कडकडाट वेगळाच असतो, तेव्हा त्या मान ताठ करून उभ्या राहतात. हे दोन निरनिराळे इशारे आहेत हे प्रयोगांतूनही दिसले आहे. एकट्या वाढलेल्या पिल्लांना असा पहारेकरी मिळत नाही.

सोडायची वेळ संध्याकाळची बरी. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, दिवे लागणीला त्या आपणहून खुराड्यात शिरतात. त्याआधी नव्यांना काही दिवस त्याच खुराड्यात, जाळीपलीकडे, रात्री ठेवलेले असले की जागा त्यांच्या डोक्यात बसते.

यंदा सात तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, सोडल्या. चौथ्या संध्याकाळी सहाजणी म्हाताऱ्या कोंबडीच्या मागोमाग आत गेल्या. सातवी गडग्यावरच बसून राहिली, तिला हाताने उचलून आत ठेवावे लागले.