काठावरचे ५२

सीडी रायटरच्या, म्हणजे कोऱ्या सीडीवर लिहू शकणाऱ्या ड्राइव्हच्या, तोंडावर, ट्रे जिथून बाहेर येतो त्याच्या आसपास, तीन आकडे छापलेले असतात : ५२×३२×५२. पहिला लिहिण्याचा वेग, दुसरा पुसून पुन्हा लिहिण्याचा, तिसरा वाचण्याचा. घरच्या कॉम्प्युटरसाठी रायटर बघताना नजर पहिल्या आकड्यावर जाते आणि तिथेच अडकते. माझीही अडकायची. मग एकदा घड्याळ लावून बसलो, आणि हिशेब काही केल्या जुळेना.

हिशेब सोपा आहे. सीडीवरचं गाणं ज्या गतीने वाजतं ती गती म्हणजे १ एक्स. १९८२मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर फक्त संगीत होतं, आणि गाणं घाईघाईत वाजवून चालत नाही. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे नोंदीचे सारखे तुकडे, वाचायचे, असं ठरलं. पुढे याच सेक्टरांत कॉम्प्युटरचा डेटा भरायला लागले तेव्हा एका सेक्टरात २,०४८ बाइट बसले. म्हणून १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. या गतीने ८० मिनिटांची, म्हणजेच ७०० एमबीची सीडी लिहायला ८० मिनिटं लागणार हे उघड आहे. मग ५२ एक्सने? ८० मिनिटांना ५२ने भागलं की ९२ सेकंद येतात. माझ्या घड्याळात दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती आणि रायटरचा दिवा अजून लुकलुकत होता.

रायटर खोटं बोलत नव्हता. तो फक्त स्वतःचा सगळ्यात चांगला क्षण सांगत होता.

सीडीवरची नोंद एका लांबलचक सर्पिल वाटेवर असते. ही वाट मधल्या भोकाच्या बाजूने, केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होते आणि फिरत फिरत ५८ मिलिमीटरवर काठाशी संपते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उलगडून सरळ केली तर ही वाट पाच किलोमीटरच्या वर भरेल. तिच्यावर खुणांची दाटी सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे काठाच्या एका वेढ्यात आतल्या वेढ्याच्या दुपटीहून जास्त मजकूर मावतो. चाकावर आसाजवळ एक मुंगी बसलीय आणि धावेवर दुसरी. दोघींची फेरी एकाच वेळात पूर्ण होते, पण धावेवरचीची वाटचाल कितीतरी मोठी.

जुने, संथ रायटर यावर एक उपाय करत. वाट नेहमी एकाच गतीने लेसरखालून सरकावी म्हणून ते तबकडीचे फेरे बदलत राहत : १ एक्सला आत मिनिटाला सुमारे ५०० फेरे, काठाशी सुमारे २००. वेग वाढवत नेला तेव्हा हे जमेना. ५२ एक्सचा वेग आतल्या वेढ्यावरही टिकवायचा तर तबकडी मिनिटाला पंचवीस हजार वेळा फिरवावी लागेल. म्हणून वेगवान रायटर फेरे कायम ठेवतात, मिनिटाला साधारण १०,००० ते ११,०००, आणि वेग आपोआप वाढू देतात. लिहायला सुरुवात होते २२ एक्सच्या आसपास. ५२ गाठतात ते शेवटच्या वेढ्यांवर, काही क्षणांपुरते. सरासरी काढली तर ३७ एक्स येते आणि पूर्ण सीडीला १२९ सेकंद लागतात. त्यावर सुरुवातीची तयारी आणि शेवटी नोंद बंद करायचा वेळ, तो वेगळा.

एकदा हे गणित हातात आलं की मजा येते. हेच सूत्र ४८ एक्सच्या रायटरला लावलं तर १४० सेकंद येतात. म्हणजे ४८चा रायटर टाकून ५२चा घेतला की पूर्ण भरलेल्या सीडीमागे ११ सेकंद वाचतात. १ एक्सवरून २ एक्सवर गेलो तेव्हा ४० मिनिटं वाचली होती! आणि सीडी अर्धवट भरायची असेल तर ५२चं तोंडही दिसत नाही. २०० एमबीचे फोटो लिहायचे असतील तर लेसर आतून निघून ३७-३८ मिलिमीटरपर्यंत पोचतो आणि काम संपतं. तिथे वेग असतो ३४ एक्सच्या आत. घरात सीडी लिहिली जायची ती बहुतेक वेळा अशीच, थोडक्या फायलींची. म्हणजे खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचे पैसे भरायचे आणि तो आकडा कधी वापरायचाच नाही.

५२च्या पुढे शर्यत थांबली याचं कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही, प्लास्टिकमध्ये आहे. त्या वेगात तबकडीचा काठ सेकंदाला ६२ मीटर पळतो, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. गोफण फिरवताना दगडाची ओढ हाताला जाणवते; इथे काठावरच्या प्रत्येक कणावरची ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे ६,८०० पट असते. सीडीचं प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट, चिवट आहे, हे सोसतं. पण मधल्या भोकाशी केसाएवढी चीर असेल तर ती लांबत जाते आणि सीडीचे ड्राइव्हच्या आत तुकडे होतात. खोक्यातून ओढून काढताना भोकाशी तडकलेली सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नये ती यासाठी.

कागदी लेबलाचंही तसंच. सीडीवर चिकटवलेला गोल कागद जरासा सरकला आणि एका बाजूला दशांश ग्रॅम वजन जास्त झालं, समजा केंद्रापासून चार सेंटिमीटरवर. १०,००० फेऱ्यांच्या वेगात तो दशांश ग्रॅम जवळपास अर्ध्या किलोच्या वजनाइतका ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला १७० वेळा दिशा बदलत फिरते. कॅबिनेट घरघरायला लागतं ते उगाच नाही. बऱ्याच वेगवान ड्राइव्हमध्ये मोटारीभोवतीच्या खोबणीत बारीक पोलादी गोळ्या सोडलेल्या असतात. तबकडी फिरू लागली की त्या हलक्या बाजूला सरकून तोल सांभाळतात. बंद ड्राइव्ह हातात घेऊन तिरका केला की आत काहीतरी खुळखुळतं. तो बिघाड नव्हे, त्या या गोळ्या. (मी एकदा हा खुळखुळाट ऐकून ड्राइव्हचे स्क्रू काढायला बसलो होतो.)

इथपर्यंत झाली मोटारीची गोष्ट. लिहितो मात्र लेसर, आणि रायटरची खरी परीक्षा तिथे आहे.

कोऱ्या सीडीत पॉलिकार्बोनेटच्या वर रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्यावर परावर्तक धातूचा. ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर रंगद्रव्यावर पडला की तेवढा ठिपका तापतो, द्रव्याचं विघटन होतं आणि तिथून प्रकाश नीट परतत नाही. आपण ‘बर्न’ म्हणतो खरे, पण भोकं वगैरे काही पडत नाहीत. एक डाग पडतो. वाचणाऱ्या ड्राइव्हला हा डाग कारखान्यात ठसा उमटवून केलेल्या खळग्यासारखाच भासतो.

माहिती असते ती या डागांच्या लांबीत. लांबी नऊ प्रकारची, सगळ्यात आखूड ०.८३ मायक्रॉनच्या आसपास. १ एक्सला हा आखूड डाग लेसरखालून जायला सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात. ५२ एक्सला तेच काम १३ नॅनोसेकंदांत उरकायचं. तेवढ्यात प्रकाश जेमतेम चार मीटर जातो. या १३ नॅनोसेकंदांत लेसरने पेटायचं, रंगद्रव्य हवं तेवढंच तापवायचं आणि विझायचं. शिवाय तापलेला ठिपका लगेच थंड होत नाही. त्याची ऊब पुढच्या डागाला लागते. म्हणून आधी काय लिहिलंय ते बघून पुढच्या झोताची लांबी आणि ताकद कमी-जास्त करावी लागते. वाचताना लेसरची ताकद एक मिलिवॅटच्याही आत असते, लिहिताना तीच कित्येक पटींनी वाढवायची. जास्त झाली तर डाग पसरतो, कमी पडली तर आखूड उमटतो. दोन्ही वेळा सीडी ‘यशस्वीपणे’ लिहून बाहेर येते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनमध्ये अडखळते.

ही ताकद ठरते कशी? कोऱ्या सीडीतली वाट सरळसोट नसते, ती अगदी सूक्ष्म लाटांनी हलत जाते. या लाटांमध्ये कारखान्यातच काही माहिती भरलेली असते : सीडी कोणी बनवली, किती मिनिटांची आहे, लेसर किती ताकदीने सुरू करावा. ड्राइव्ह ती वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या (ड्राइव्हच्याच चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममधल्या) यादीत त्या सीडीसाठी काय लिहून ठेवलंय ते पाहतो. मग अगदी आतल्या वेढ्यांवर, चाचणीसाठी राखलेल्या जागेत, वेगवेगळ्या ताकदीने थोडंसं लिहून बघतो आणि त्यातली योग्य ती निवडतो. ‘बर्न’चं बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा हे चाललेलं असतं. चाचणीत एकही ताकद पसंत पडली नाही की पडद्यावर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

म्हणून रायटर बघताना मी विचारतो ते दोन प्रश्न. याचं फर्मवेअर अजून अपडेट होतं का? आणि मला सहज मिळणाऱ्या कोऱ्या सीडीशी याचं पटतं का? यादीत नसलेली सीडी आली तर ड्राइव्ह अंदाजाने लिहितो, आणि ५२ एक्सला अंदाज चुकायला वेळ लागत नाही. ‘गाण्यांची सीडी नेहमी १ एक्सनेच लिहावी’ हा जुना सल्लाही याच कारणाने कालबाह्य झाला. वेगवान सीडीचं रंगद्रव्य कमी वेळाच्या, जोरदार झोतासाठी बनवलेलं असतं. अगदी संथ लिहून त्याचं भलं होतंच असं नाही. पुष्कळ नवे ड्राइव्ह अशा सीडीला १ किंवा २ एक्सचा पर्यायच देत नाहीत.

बफरचं, म्हणजे लिहिण्याआधी डेटा थोडा वेळ साठवणाऱ्या ड्राइव्हमधल्या मेमरीचं, आता फारसं कौतुक उरलेलं नाही, पण कधीकाळी यावरून घराघरांत शांतता पाळली जायची. लिहिताना लेसरला डेटा अखंड मिळावा लागे. मध्येच कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला, बफर रिकामा झाला, की सीडी फुकट. बर्न सुरू असताना माउसला हात लावायचा नाही, असा घरात हुकूमच असे. २०००मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ आणलं : डेटा आटला की लेसर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि डेटा आल्यावर पुन्हा तिथूनच धागा जोडतो. इतरांनीही आपापल्या नावाने तेच केलं. ते नसतं तर ५२ एक्स ही कल्पनाच करता आली नसती, कारण त्या वेगात दोन एमबीचा बफर पाव सेकंदात रिता होतो.

मात्र एक घोळ या सोयीनेच झाकला जातो. डेटा वेळेवर येत नसेल तर पूर्वी सीडी उडायची, आता नुसतं काम रेंगाळतं आणि कारण कळत नाही. ५२ एक्सचा रायटर यूएसबी १.१ला, म्हणजे जुन्या, संथ यूएसबीला जोडला तर सेकंदाला एक एमबीच्या आसपासच डेटा मिळतो, म्हणजे फार तर ६ एक्स. आयडीई केबलवरच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या जुन्या, रुंद पट्टीसारख्या केबलवरच्या) ड्राइव्हचं दुखणं निराळं. विंडोज एक्सपीला त्या जोडणीवर पुन्हा पुन्हा चुका आढळल्या की ती गुपचूप डीएमए (डेटा थेट मेमरीत नेणारी पद्धत) सोडून पीआयओ या जुन्या पद्धतीवर उतरते. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरला हाताने उचलून द्यावा लागतो आणि सगळा कॉम्प्युटरच लंगडतो. रायटरला नावं ठेवण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून डीएमए की पीआयओ, ही एक ओळ बघावी.

मधल्या ३२बद्दल थोडक्यात. तो सीडी-आरडब्ल्यूचा, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचा वेग, आणि त्यासाठी तितक्याच वेगाची सीडी लागते. जुनी ४ एक्सची आरडब्ल्यू नव्या ड्राइव्हमध्येही चारनेच चालते. तिच्यात रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा मिश्रधातू असतो, आणि तिच्यावरून जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परततो. जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत ते त्यामुळे.

आता माझी चाचणी. एकाच खोक्यातल्या तीन सीडी घेतो आणि तोच ७०० एमबीचा मजकूर तीन वेगांनी लिहितो : १६, २४ आणि ५२. मग चुका मोजतो. सीडीवर रीड-सॉलोमन संकेताचं दुहेरी कवच असतं, त्यामुळे बारीकसारीक चुका वाचतानाच दुरुस्त होतात. पहिल्या पायरीवर सापडतात त्या सी१ चुका. सीडीच्या प्रमाणात त्या सेकंदाला सरासरी २२०पर्यंत चालतात, नीट लिहिलेल्या सीडीवर त्या याच्या कितीतरी खाली राहतात. दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतात त्या सी२, आणि ताज्या सीडीवर त्या शून्यच हव्यात. सगळे ड्राइव्ह हे आकडे सांगत नाहीत, आणि एकाच सीडीचे आकडे दोन ड्राइव्हवर वेगळे येतात, म्हणून तिन्ही सीडी एकाच ड्राइव्हवर मोजायच्या.

आलेख पडद्यावर उमटताना बघण्यासारखा असतो. १६ एक्सच्या सीडीची रेघ खाली जमिनीला चिकटून जाते. ५२च्या सीडीची रेघ बराच वेळ तशीच चालते, आणि ६५०व्या एमबीनंतर, बरोबर काठाकडे, गवतासारखी उभी राहायला लागते. वेग सगळ्यात जास्त तिथेच, तबकडी सगळ्यात जास्त थरथरते ती तिथेच, आणि खोक्यावरचे ५२ खरे असतात तेही तिथेच.

चुका मोजणारा ड्राइव्ह हाताशी नसेल तर तिन्ही सीडी घरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कुरकुऱ्या ड्राइव्हमध्ये घालाव्यात आणि त्यांवरच्या सगळ्या फायली हार्ड डिस्कवर कॉपी करायला लावाव्यात. आवाज ऐकत बसायचं. फिरण्याचा सूर एकसारखा राहिला तर ठीक. सूर मध्येच खाली आला, पुन्हा चढला, पुन्हा खाली आला, तर ड्राइव्ह तीच जागा परत परत वाचतोय असं समजावं. माझ्याकडे ५२ची सीडी शेवटच्या दोन फायलींवर असाच सूर बदलते. २४ने लिहिलेली बदलत नाही. तिला लिहायला ५२हून मिनिटभर जास्त वेळ लागतो.