दिवा लावायच्या आधी: आमची पिवळी एमओएफ पावडर नेणाऱ्यांसाठी

ही एमओएफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातू आणि सेंद्रिय दुव्यांची जाळी) पावडर दिव्याच्या उजेडात पाण्यातला रंग तोडते. ती नेणाऱ्यांचा फोन बहुधा तिसऱ्या दिवशी येतो. “पहिल्या दिवशी पाच मिनिटांत निळा रंग गायब झाला, आता ढिम्म हलत नाही. बॅच खराब आहे का?” बॅच ठीक आहे. पहिल्या दिवशी जे झालं, ते प्रकाशाचं काम नव्हतंच.

टायटॅनियमच्या गाठी आणि त्यांना बांधणारे सेंद्रिय दुवे अशी ही सच्छिद्र जाळी. (2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल अशा जाळ्यांवरच्या कामाला मिळालं, तेव्हापासून चौकश्या वाढल्यात.) मिथिलीन ब्लू, म्हणजे चाचणीचा तो निळा रंग, तिला आधी नुसता चिकटतो. दिवा लावा न लावा, पाणी निवळतं आणि जागा भरल्या की थांबतं. आपण मात्र वहीत ‘विघटन 90 टक्के’ लिहून मोकळे होतो.

म्हणून आधी अंधार. लिटरला 10 मिलिग्रॅम रंगाचं 100 मिली द्रावण, त्यात 50 मिलिग्रॅम पावडर. बीकरला फॉइल गुंडाळा आणि स्टररवर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर फिरू द्या. मधूनमधून 3 मिली काढून सेंट्रिफ्यूज करा (ट्यूब वेगाने फिरवून पावडर तळाशी बसवा) आणि वरच्या पाण्याचं 664 नॅनोमीटरला रीडिंग घ्या, म्हणजे त्या तरंगलांबीचा उजेड ते किती शोषतं ते मोजा. लागोपाठ दोन रीडिंग सारखी आली की मगच दिवा. शून्य मिनिट तिथून धरायचं. शेजारी पावडर न टाकलेला एक बीकरही त्याच दिव्याखाली ठेवा, कारण हा रंग उजेडात आपोआपही थोडा उडतो.

ट्यूबच्या तळाशी बसलेला गाळ जरूर बघा. पावडर पिवळी, त्यावर निळा बसला की ती हिरवी दिसते. उजेडानंतरही हिरवीच असेल, तर ती थोड्या मिथेनॉलमध्ये हलवा. मिथेनॉल निळं झालं, म्हणजे रंग तुटलेला नाही, नुसता बसून आहे.

दिव्याखाली पावडरची चमक कमी झाली की पाण्यात प्रदूषक सापडलं, असं सांगणारी आमची दुसरी पावडर नेणाऱ्यांनीही जपावं. डायक्रोमेटसारखं प्रदूषक स्वतःच रंगीत असतं, दिव्याचा प्रकाश तेच आधी गिळतं आणि चमक नुसत्या त्यानेच कमी दिसते. नुसत्या द्रावणाचा शोषणाचा आलेख आधी काढा.

डाइंगवाल्यांना स्पष्टच सांगतो: सोडा ॲश घातलेलं गडद सांडपाणी थेट ओतू नका. इतक्या अल्कलीत जाळी उसवते आणि गडद पाण्यात उजेड आत पोचत नाही. ड्रमच्या हिशेबाने माल मागाल, तर आम्ही विकणार नाही.

उघडलेली बाटली परत घेत नाही, यावर काहीजण रागावतात. पण दमट हवेत चार दिवस उघडी राहिलेली बाटली आम्ही दुसऱ्याला कशी द्यायची? त्याऐवजी प्रत्येक बॅचचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी जाळीची रचना दाखवणारा) आलेख सोबत देतो. तुमच्या वापरलेल्या पावडरचा आलेख त्याच्याशी ताडून पाहा. शिखरं जागच्या जागी असतील तर जाळी शाबूत आहे. मिथेनॉलने धुऊन, वाळवून पुन्हा वापरा.

पहिल्यांदा नेत असाल तर 1 ग्रॅमचीच बाटली घ्या, वरच्या मापाने वीस बीकर होतात. आणि फोन करताना अंधारातली रीडिंग हाताशी ठेवा, आम्ही पहिल्यांदा तीच विचारतो.