पडद्यामागचे नाटक चित्रपटात उभे करताना : कपडेपट व सामान भाड्याने घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या दुकानातून शाळांची संमेलने, हौशी संघ आणि राज्य नाट्य स्पर्धेतील नाटके यांसाठी पोशाख, दागिने, टोप, रंगभूषेचे साहित्य आणि लहानमोठे सामान भाड्याने दिले जाते. अलीकडे जुन्या नाटक मंडळ्यांचे पडद्यामागचे जीवन दाखवणारे चित्रपट आणि लघुपट करणारे ग्राहकही आमच्याकडे येऊ लागले आहेत. त्यांची गरज वेगळी असते. नाटकात आमची वस्तू प्रेक्षकाला दुरून आणि एकाच बाजूने दिसते, तर अशा चित्रपटात कॅमेरा विंगेच्या आत येतो, म्हणजे त्याला त्या वस्तूची पाठ, अस्तर, टाके आणि गाठीही दिसतात. मागणी नोंदवण्यापूर्वी ग्राहकांनी कोणत्या बाबी ठरवून याव्यात, हे कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

पाठीची बाजू म्हणजे काय, याचे सोपे उदाहरण पैठणीचे देता येईल. हातमागावरील खऱ्या पैठणीत पदराच्या नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावरील स्वस्त पैठणीच्या पाठीवर मात्र कापलेले किंवा लोंबणारे धागे दिसतात. रंगमंचावर या फरकाने काही बिघडत नाही. परंतु स्त्रीची भूमिका करणारा नट कपडेपटात उभा राहून लुगडे नेसत आहे, असे दृश्य असेल, तर पदर हमखास उलटा होतो आणि १९२० च्या सुमारास घडणाऱ्या कथेत यंत्रमागाचे धागे लोंबू लागतात. अशा दृश्यासाठी आमच्याकडे हातमागाची मोजकीच लुगडी आहेत. ती सरसकट सर्व दिवसांसाठी मागू नयेत. ज्या दृश्यांत नेसणे वा सोडणे दाखवायचे आहे, त्यांपुरतीच घ्यावीत. जरीबाबतही असेच आहे. सध्याच्या प्लॅस्टिकमिश्रित जरीची चमक थंड, निळसर दिसते, तर जुनी चांदीची जरी वापराने काळवंडते. ती काळवंडलेली जरी उजळून मागण्याचा आग्रह ग्राहकांनी धरू नये, अशी आमची विनंती आहे.

त्या काळातील बहुतेक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. स्त्रीपार्टी नटाचे नाक सहसा टोचलेले नसते, म्हणून त्याच्यासाठी चापाची नथ लागते. ती काढताना नाकपुडीवर उमटलेला लाल वळ हा पडद्यामागच्या दृश्यात फार बोलका ठरू शकतो. चोळीच्या आतील गाद्या, टोपाखालची कापडी पट्टी, अंबाड्यात गुंतवलेले गंगावन (जोडीचे केस) या वस्तू आम्ही स्वतंत्रपणे देतो, कारण नाटकाच्या ग्राहकांना त्या दिसायला नको असतात आणि चित्रपटाच्या ग्राहकांना नेमक्या त्याच दाखवायच्या असतात. १९३० च्या दशकात स्त्री नटी मंडळ्यांत येऊ लागल्या, त्यामुळे कथा त्यानंतरची असल्यास रंगपटाची, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीची, मांडणीच बदलते. स्त्रियांसाठी निदान पडद्याची आडोशाची जागा दाखवावी लागते.

म्हणून मागणी नोंदवताना आम्ही सर्वप्रथम कथेचे वर्ष विचारतो. ‘जुना काळ’ एवढे उत्तर पुरेसे नसते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटक उभे केले, तेव्हाची मंडळी आणि १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी यांच्यात एका पिढीचे अंतर आहे. शिवाय गंधर्व मंडळींचे शालू, अत्तर आणि गालिचे प्रसिद्ध असले, तरी त्या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. जिल्ह्याच्या गावांतून फिरणाऱ्या लहान मंडळ्यांना ते वैभव परवडणारे नव्हते. आमचे स्पष्ट मत असे की, दहांपैकी नऊ कथांना ठिगळ लावलेला शेला अधिक शोभतो. मात्र ग्राहक सहसा आमच्या कपाटातील सर्वांत झगमगीत शेल्याकडेच बोट दाखवतात.

कथा मराठवाड्यात घडत असेल, तर आणखी काही बाबींकडे लक्ष द्यावे लागते, आणि बाहेरून येणाऱ्या युनिटांकडून नेमक्या याच ठिकाणी चुका होतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जालना किंवा परभणीच्या मुक्कामात तिकीट विक्रीच्या टेबलावर केवळ इंग्रजी राजाच्या छापाचे रुपये दाखवणे चुकीचे आहे. संस्थानाचा चारमिनारची मुद्रा असलेला ‘हाली’ रुपया आणि इंग्रजी ‘कलदार’ रुपया असे दोन्ही लोकांच्या हाती असत, आणि सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब होता. दिवसाचा गल्ला मोजणारा व्यवस्थापक हाली आणि कलदार वेगळे करीत बसला आहे, एवढे दृश्यही स्थळकाळ सांगून जाते. आमच्याकडे दोन्हींच्या नकला मिळतात. सरकारी कागद उर्दूत असत आणि त्यांवर फसली सन, म्हणजे संस्थानाची सरकारी वर्षगणना, असे. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते, म्हणजे १९३० च्या सुमाराच्या परवान्यावर १३३९ किंवा १३४० असा आकडा हवा. पुढच्या रांगेत बसलेला जिल्ह्याचा अधिकारी ‘कलेक्टर’ नसून ‘अव्वल तालुकदार’ असेल. त्याच्या अंगावर शेरवानी घालावयाची असल्यास आम्ही औरंगाबादी हिमरूची (रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाची) शेरवानी सुचवितो.

मंडळीचा प्रवास दाखवताना ट्रंका आणि पेटारे लागतात. मुंबईच्या बाजूने येणारी ब्रॉडगेज गाडी मनमाडला सोडून तेथून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीत बसावे लागे. हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे पडद्यांच्या गुंडाळ्या, पायपेटी (पायाने भाता चालवण्याची बाजाची पेटी), कपड्यांचे पेटारे हे सगळे सामान मनमाडला उतरवून पुन्हा चढवावे लागे. म्हणून आमच्या पेटाऱ्यांचे कोपरे मुद्दाम ठेचलेले आणि कड्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. त्या बदलून देण्याची मागणी कृपया करू नये.

रंगपटाच्या मांडणीत आरशाभोवती विजेच्या दिव्यांची चौकट हवी, असे जवळजवळ प्रत्येक कलादिग्दर्शक सांगतो. गावोगावच्या मांडवात वीज नसताना ती चौकट कोठून येणार, हा प्रश्न आम्ही नम्रपणे विचारतो. हातभर लांबीचा, पारा उडालेला आरसा, शेजारी कंदील, डोक्यावर गॅसबत्ती आणि पत्र्याची पेटी एवढे पुरे होते. आमच्या गॅसबत्त्यांत विजेचे दिवे बसवलेले आहेत, कारण कापडी पडद्यांजवळ खरी बत्ती पेटवण्यास आम्ही परवानगी देत नाही.

रंगभूषेबाबत एक सूचना सुरक्षिततेची आहे. जुन्या रंगपेटीत हरताळ आणि मुर्दाडशिंग अशी द्रव्ये असत. हरताळात आर्सेनिक आणि मुर्दाडशिंगात शिसे असते. खरेपणाच्या हौसेपायी ती बाजारातून आणून कलावंताच्या चेहऱ्यास लावू नयेत. आम्ही त्याच रंगछटांचे आजचे निर्धोक रंग देतो. पडद्यामागच्या कथेत पूर्ण रंगलेल्या चेहऱ्यापेक्षा अर्धा पुसलेला चेहरा अधिक वेळा लागतो, म्हणून खोबरेल तेल आणि जुन्या मलमलीचे तुकडे प्रत्येक रंगपेटीसोबत विनाशुल्क दिले जातात. बत्तीच्या पिवळट उजेडासाठी त्या काळी रंग जाड लावीत; तो जवळून ओबडधोबड दिसतो, आणि तो तसाच दिसू द्यावा.

चित्रीकरण सलग क्रमाने होत नसल्याने प्रत्येक महत्त्वाच्या पोशाखाचा जोड घ्यावा. एक कोरा आणि एक घामाचे डाग, उसवलेली शिवण असलेला. डाग आम्हीच पाडून देतो. ग्राहकांनी ते स्वतः पाडू नयेत, कारण एकदा एका युनिटने खऱ्या जरीच्या लुगड्यावर चहा ओतून ते कायमचे निकामी केले होते. नायलॉनचे धागे, चेन आणि वेल्क्रो आम्ही जुन्या काळाच्या कपड्यांत वापरत नाही. त्यामुळे पोशाख बदलण्यास वेळ लागतो; चित्रीकरणाचे वेळापत्रक आखताना तो धरावा.

मागणी किमान पंधरा दिवस आधी, कथेचे वर्ष, गाव आणि दृश्यांची यादी यांसह लेखी द्यावी. अनामत रक्कम सामान परत आल्यावर, प्रत्येक नगाचा क्रमांक तपासून त्याच दिवशी परत केली जाते. अत्तर थेट जरीवर शिंपडू नये. कपडे धुऊन किंवा इस्त्री करून परत करू नयेत. घामाचे असतील तसेच, सावलीत वाळवून, सुती चादरीत गुंडाळून पाठवावेत, आणि टोप लाकडी ठोकळ्यावर बसवूनच पेटीत ठेवावेत.